दुखत नाही, म्हणून आजार नाही?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोला, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा आम्हांला थोडा संकोच वाटला. आम्ही उभयता काही मोठे तज्ज्ञ नाही. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आमचा साधा दवाखाना आहे. ताप, खोकला, जुलाब, गुडघेदुखी हे आमचे रोजचे काम. परंतु मोठ्या इस्पितळात माणूस एखाद्या वेळी जातो, आमच्याकडे मात्र वर्षानुवर्षे येतो. त्यामुळे त्याच्या मनातले प्रश्न आम्हांला ठाऊक असतात. मेळाव्यापूर्वी कार्यकर्त्यांनी पेटी ठेवून आपले प्रश्न चिठ्ठ्यांवर मागविले होते. त्या साऱ्या चिठ्ठ्या आम्ही वाचल्या. प्रश्न निरनिराळे, पण बहुतेकांत एक वाक्य फिरून फिरून येते, "तसा काही त्रास नाही, मग..." आज या वाक्याविषयीच बोलावयाचे आहे.

प्रारंभी आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. गिरणीत हयात घालविलेले एक काका दर महिन्याला गुडघ्यासाठी आमच्याकडे येत. "मागच्याच गोळ्या द्या जी," म्हणत. गर्दी असे, आम्ही गोळ्या देत असू. असे तीन वर्षे चालले. त्या तीन वर्षांत त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आम्ही एकदाही बांधला नाही. त्यांनी मागितले नाही, आम्हांला सुचले नाही. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. एका पहाटे काकांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. इस्पितळात मोजला तेव्हा रक्तदाब २१० वर १२० होता. काका वाचले, पण बोलू शकत नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना ते आजही डावा हात उचलून आम्हांला जय भीम करतात आणि आमची मान खाली जाते. त्या दिवसापासून दवाखान्यात नियम केला आहे. तीस वर्षांवरील माणूस कशासाठीही येवो, आधी पट्टा, मग तक्रार.

आता आपले प्रश्न घेऊ.

प्रश्न पहिला : डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग रक्तदाबाची गोळी कशाला? आणि एकदा सुरू केली की सवय लागते ना?

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्या खराब करीत असतो. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर तो वाढलेला समजावा.

गोळीची सवय लागत नाही. चष्मा लावला म्हणून नजर चष्म्याच्या आहारी गेली असे आपण म्हणत नाही. आकडा ठीक आला म्हणून पुष्कळ जण गोळी सोडतात. परंतु तो ठीक आला तो गोळीमुळेच. गोळी कमी करावयाची की बदलावयाची हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, शेजाऱ्याला विचारून नव्हे. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात लोणचे, पापड, चिवडा आणि सुकट यांतले मीठही आले.

प्रश्न दुसरा : साखर गोड खाल्ल्याने होते का? भात सोडू का? कारल्याचा रस पुरेल का?

नुसत्या गोड खाण्याने मधुमेह होतो असे नाही. आईवडिलांकडून आलेला कल, पोटावरची चरबी, बैठे काम आणि वाढते वय ही त्याची कारणे. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, स्त्रीची ८० च्या वर गेली असेल तर सावध व्हावे. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ किंवा अधिक आली, तर तो मधुमेह. त्रास नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री करावी. उपाशीपोटी १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची अवस्था. येथून मागे फिरता येते, आणि रोज अर्धा तास भरभर चालणे हा त्याचा सर्वांत स्वस्त उपाय.

भात सोडण्याची गरज नाही, त्याचा ढीग मात्र कमी करावा. ताटाचा अर्धा भाग भाजीचा, पाव भाग डाळ, उसळ किंवा अंड्याचा आणि उरलेला पाव भाग भाताचा अथवा भाकरीचा. कारल्याची भाजी आवडीने खावी, पण तिच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेहाने आजारी होते, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांचे पाय असह्य दुखत, दृष्टी मंद होत गेली होती. त्या काळी मधुमेहावर आजच्याइतकी साधने नव्हती. आज गोळ्या आहेत, घरी साखर मोजण्याचे यंत्र आहे, डोळ्याच्या पडद्याची तपासणी आहे. मधुमेही माणसाने वर्षातून एकदा डोळे आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. रोज रात्री तळपाय पाहावेत, कारण त्यातली संवेदना गेली की खिळा रुतला तरी कळत नाही. एवढी साधने हाताशी असताना आपण पाय गमावले, तर तो दोष आपल्या आळसाचा आहे.

प्रश्न तिसरा : अंगात ताकद नाही, एक सलाईन लावून द्या न जी.

हा प्रश्न चिठ्ठीत आला, आणि दवाखान्यात तर रोज येतो. अर्धा लिटर सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीत याहून अधिक ताकद आहे. उलट्या-जुलाबांनी शरीर सुकले असेल आणि पाणी तोंडाने पोटात ठरत नसेल, तर हीच बाटली जीव वाचविते. एरवी ती आपला खिसा हलका करते. पूर्वी रुग्ण नाराज होऊ नये म्हणून आम्हीही ती लावली आहे. आता लावत नाही, त्यामुळे काही रुग्ण गमावले, हेही सांगून टाकतो.

अशक्तपणाचे कारण शोधावे. हिमोग्लोबिन स्त्रीचे १२ च्या खाली, पुरुषाचे १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, चहा लोह शरीरात जाऊ देत नाही. लिंबूपाण्यासोबत चालेल. पुरुषाचे, किंवा पाळी थांबलेल्या बाईचे रक्त कमी झाले असेल, तर ते कोठे जाते आहे हे शोधलेच पाहिजे. नुसत्या टॉनिकवर थांबू नये.

प्रश्न चौथा : खर्रा खातो, पण तोंडात काही दुखत नाही. तपासावे का?

होय, आजच. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा विदर्भात घरोघरी पोचला आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. त्यातली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते. घरी जाऊन आरशासमोर उभे राहा. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात शिरतात का पाहा. शिरत नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, अथवा फोड दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर दंतवैद्याकडे जावे. सुरुवातीला कर्करोग दुखत नाही. दुखू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

प्रश्न पाचवा : भगिनींकडून आहे. स्तनात गाठ लागते, पण दुखत नाही.

दुखत नाही म्हणून थांबू नका, न दुखणारी गाठच आधी दाखवावी. सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासणी ठरवील, लाज नव्हे. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, हेही लपवू नये. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, तसेच स्त्रियांसाठी स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. ती आपल्या हक्काची आहे.

प्रश्न सहावा : मुलगा धडधाकट आहे, तरी लग्नाआधी सिकलसेल तपासा म्हणतात, ते का?

भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. विदर्भात तो आदिवासी बांधवांत आहे, तसाच आपल्या समाजातही आहे. ज्याला 'एएस' म्हणतात तो वाहक असतो, आजारी नसतो. तो शेतात राबतो, नोकरी करतो, त्याला काहीच कळत नाही. परंतु आई आणि वडील दोघेही 'एएस' असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस', म्हणजे सिकलसेलचे रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. असे मूल हाडे-सांधे दुखून रात्र रात्र रडते, वारंवार आजारी पडते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने हा त्रास पुष्कळ कमी होतो, तरी जन्मभराची काळजी राहतेच.

या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ हे लक्ष्य ठेवले आहे. रक्ताची ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. आपण पत्रिका जुळविणे सोडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आता वधू-वर परिचय मेळाव्यात रक्ताचा अहवाल मात्र मोकळेपणाने दाखवू या. 'एएस' निघाला म्हणून कोणा मुलीला नाकारू नका, कमी लेखू नका. दोघे 'एएस' असूनही लग्न ठरले, तर गर्भ राहताच लवकर डॉक्टरांना भेटावे. गर्भाची तपासणी करता येते.

प्रश्न सातवा : छातीतले दुखणे गॅसचे की हृदयाचे, हे कसे ओळखावे?

घरी ओळखण्याच्या भरीस पडू नये. छातीवर दाब, घाम, दम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर तत्काळ १०८ ला फोन करावा. मधुमेही माणसाला हृदयविकाराच्या झटक्यातही कधीकधी फारसे दुखत नाही, नुसता दम लागतो. तसेच तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो अर्धांगवायू समजावा. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके बरे. आमच्या काकांच्या घरच्यांनी ती सकाळ अंगाला तेल चोळण्यात घालविली. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगणे आमचे काम होते.

बंधू-भगिनींनो, आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. तो भिक्खू तरी अंथरुणाला खिळलेला होता, डोळ्यांना दिसत होता. आपल्यातले पुष्कळ आजारी चालत-बोलत असतात, हसत असतात, आजही या सभागृहात बसलेले असतील. त्यांना शोधण्यासाठी मोठे इस्पितळ लागत नाही. संस्थेने वर्गणीतून रक्तदाबाचे एक चांगले यंत्र घ्यावे, दोन तरुणांनी ते वापरण्यास शिकावे आणि दर रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर बसावे. शिकविण्याची जबाबदारी आमची. त्याचे मानधन नको.

आज कार्यक्रम संपल्यावर आम्ही दाराशी पट्टा घेऊन बसणार आहोत. ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांनी आधी यावे.

जय भीम.