मीनाचे हसू आणि घराचे कर्तव्य



मुलांच्या मनावर संस्कार कोण करतो, या प्रश्नाचे उत्तर एके काळी सोपे होते. आजीच्या कुशीत ऐकलेली गोष्ट हीच मुलाची पहिली शाळा असे. आज त्या जागी पडदा आला आहे. पडद्याला नुसती नावे ठेवून भागणार नाही. त्यावर कोण उभे आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. २००५ साली ‘हनुमान’ हा अ‍ॅनिमेशनपट आला, २००८ पासून ‘छोटा भीम’ घराघरांत पोहोचला. मुलांना आपल्या मातीतील नायक लाभले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु आपल्या लेकींचे काय? छोट्या भीमाच्या कथेत चुटकी आहे खरी. पण ती सोबतीण आहे, नायिका नव्हे.

अशी नायिका भारतीय कलावंताच्या कुंचल्यातून नव्वदच्या दशकातच अवतरली होती. तिचे नाव मीना. प्रकल्प युनिसेफचा, दक्षिण आशियातील मुलींसाठी आखलेला. चित्ररूप मात्र मुंबईच्या राम मोहन यांनी दिले. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात दाखल झालेले, २०१४ साली पद्मश्रीने गौरविलेले आणि २०१९ साली निवर्तलेले हे भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू. जपानचे युगो साको यांच्यासह ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटाचे दिग्दर्शन करणारेही तेच. हा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत देशभरातील चित्रपटगृहांत नव्याने झळकला. ज्या हाताने प्रभू रामचंद्र रेखाटले, त्याच हाताने खेड्यातील ही हसरी पोर रेखाटली.

मीनाची कथा साधी आहे. भाऊ राजू शाळेत जातो, ती घरी राबते. ती रुसून बसत नाही की घर सोडून जात नाही. आपल्या मिठू पोपटाला ती शाळेच्या खिडकीशी धाडते आणि त्याच्याकडून आकडे शिकते. एके दिवशी कोंबड्या मोजताना एक कमी भरते, चोर पकडला जातो आणि वडिलांचे डोळे उघडतात. दुसऱ्या भागात आंब्याची मोठी फोड राजूला मिळते. भावंडे एका दिवसापुरती कामांची अदलाबदल करतात. बहिणीचे कष्ट अंगावर आणि तिचा वाटा ताटात आल्यावर राजूला सारे उमगते.

येथे स्वातंत्र्य म्हणजे कुटुंबाशी वैर नव्हे, हे ध्यानी घ्यावे. पण त्याचबरोबर हेही ध्यानी घ्यावे की, या कथेत बदलते ती मीना नव्हे. बदलतात ते वडीलधारे. चित्रपट मुलांचा असला, तरी धडा मोठ्यांसाठी आहे.

सोलापूरला ही कथा परकी वाटू नये. पूर्व भागात यंत्रमागावर राबणारे बाप आणि विड्या वळणाऱ्या माउली यांच्या घामावर या शहराचे संसार उभे राहिले. अशा कष्टकरी घरात धाकट्याला सांभाळण्याचे काम थोरल्या लेकीकडे येते. ती समजूतदार, म्हणून तिच्यावर आणखी एक काम पडते. शाळेचे खाडे वाढतात. अखेर नाव पटावर राहते आणि लेक घरी. हिची हुशारी मोजायला कोणता मिठू येणार?

वास्तविक, लेकीचे सामर्थ्य ओळखणे आपल्या परंपरेला नवे नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत दरवर्षी योगदंडाशी ज्या कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लावला जातो, ती आपल्या निश्चयानेच लोकस्मृतीत अमर झाली. १७२५ साली चौंडीत जन्मलेल्या अहिल्येला वडील माणकोजी शिंदे यांनी लिहावाचावयास शिकविले. आज सोलापूरचे विद्यापीठ त्याच पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करते. नवरात्रात कुमारिकेचे पाय धुवावयाचे आणि एरवी तिच्या ताटात कमी वाढावयाचे, तर ते पूजन अपुरेच म्हणावे लागेल.

म्हणून मीना मुलांना दाखवावी, परंतु आईवडिलांसह दाखवावी. वस्त्यांवरील संस्कारवर्गांत ती मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही समजावून द्यावी आणि मग प्रत्येक बापाला एकच प्रश्न विचारावा : आज आपली लेक शाळेत गेली होती का? बाल अहिल्येवरील सुंदर अ‍ॅनिमेशनपट उद्या कुणी निर्माण करील, तर त्याचे स्वागतच होईल. तोवर आपल्या घरातील नायिकेचे दप्तर खुंटीवर लटकत राहू नये, एवढे तरी घराने पाहावे.