माहितीचे दार आणि लोकांची भाषा

(सुरत येथील मराठी भाषिकांपुढे केलेले भाषण)



१९९४ च्या सप्टेंबरात या सुरत शहरात प्लेगची वार्ता पसरली आणि लाखो लोक घरदार टाकून निघून गेले. खात्रीची माहिती वेळेवर न मिळाली की तिची जागा अफवा घेते, हा धडा आम्ही विसरता कामा नये.

२००५ चा माहिती अधिकार कायदा सांगतो की, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना सरकारने सर्व संबंधित वस्तुस्थिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, आणि तसे करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार केंद्रीय कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावयाचा असतो. परंतु जो मसुदा वाचताच येत नाही, त्यावर मत ते कसले देणार?

येथील महापालिका मराठी शाळा चालविते. मग त्या शाळांत शिकलेल्या नागरिकास शहराच्या योजनांचा मसुदा मराठीत का मिळू नये? सीमाभागातील बांधवांना हे शल्य समजावून सांगावयास नकोच.

माहिती ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. मसुदा आपल्या भाषेत मागा आणि मुदतीच्या आत हरकत लेखी नोंदवा. आपले मौन संमती मानले जाते.