मौन पत्करलेले कार्ड

कारखान्यातील संगणक एकाएकी यंत्रांशी बोलेनासा झाला, की पहिला संशय येतो तो त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर. तो काढून पुन्हा बसविला जातो. काम सुरू होते आणि घटकाभराने पुन्हा थांबते. दोष पुष्कळदा अन्यत्रच असतो.

बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीचे उदाहरण घ्यावे. तीत प्रत्येक कार्ड स्वतःच्या चुका मोजते. संदेश पाठविण्यातील चुकांचा आकडा २५५ च्या पलीकडे गेला, की ते आपण होऊन गप्प बसते; आपल्यापायी इतरांचे बोलणे खुंटू नये, हा त्यातील हेतू होय.

म्हणून जाणता तंत्रज्ञ क्रमाने जातो. ड्रायव्हरमध्ये नेमलेला वेग सर्व यंत्रांशी जुळतो की नाही, हे तो आधी पाहतो. सेकंदाला दहा लक्ष बिट हा वेग सुमारे ४० मीटरपर्यंतच साधतो. तार त्याहून लांब असल्यास वेग सर्वत्र सारखाच उतरवावा लागतो. मग वीज बंद करून तो दोन तारांमधील रोध मोजतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक शाबूत असतील, तर मापकावर सुमारे ६० उमटतात. १२० उमटले, तर एक रोधक निखळला, असे समजावे.

ड्रायव्हरमध्ये कार्ड आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय असली, तरी कारण सापडेपर्यंत ती बंद ठेवावी. नाही तर दोष झाकला जातो आणि ऐन कामाच्या वेळी पुन्हा डोके वर काढतो.