सममितीय आकृतीची मांडणी

(देवळाली प्रवरा येथील स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संगणकावर आरेखन शिकलेला मुलगा समोरून, वरून व बाजूने अशी तीन दृश्ये घरच्या वृद्ध कारागिरापुढे ठेवितो, तेव्हा ती त्यांस सहसा उलगडत नाहीत. तोच सांधा सममितीय आकृतीत दाखवावा. त्यातील उणीव ते चटकन सांगतील. केंब्रिजचे विल्यम फॅरिश यांनी 1822 साली ही पद्धत मांडली, तीही यंत्रांचे नमुने मदतनिसांस बिनचूक जोडता यावेत म्हणूनच.

उभी रेषा उभीच राहते. उरलेल्या दोन दिशा आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करितात. ऑटोकॅडमध्ये 'डीसेटिंग्ज' ही आज्ञा देऊन 'स्नॅप अँड ग्रिड'खाली 'आयसोमेट्रिक स्नॅप' निवडावे व एफ 8 ने ऑर्थो चालू करावे. एफ 5 दाबताच डावे, वरचे व उजवे प्रतल पाळीपाळीने येते. वर्तुळाकरिता 'इलिप्स'मधील 'आयसोसर्कल'च घ्यावे.

आकृती घन भासली तरी ती सपाटच होय. तिन्ही अक्षांवरील मापे तेवढी खरी. 100 सेंटिमीटर चौरस दाराच्या तिरप्या पट्टीचे खरे माप सुमारे 141. पडद्यावर मात्र एक कर्ण 173 भरतो, दुसरा 100. ही दुसरी पट्टी पडद्यावरून मोजून कापिली, की सागवान फुकट गेले.