महागाई आणि आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांस त्रैराशिक शिकविण्यात आयुष्य घालविलेला निवृत्त शिक्षक आहे. तेव्हा हिशेबाचीच गोष्ट सांगतो.

केंद्र सरकारचे श्रम ब्यूरो ८८ केंद्रांतील किरकोळ भाव गोळा करून, २०१६ सालचे भाव १०० धरून, औद्योगिक कामगारांचा निर्देशांक काढते. त्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून केंद्रीय सेवकांचा महागाई भत्ता जानेवारी व जुलैपासून ठरतो. निवृत्तांसही तोच दर मिळतो. आपले राज्य सरकार साधारणतः मागाहून त्याचे अनुकरण करते. भाव आधी चढतात, भत्ता मागून येतो. २०२० च्या महामारीत तर केंद्राचे तीन हप्ते गोठविले गेले व त्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. तथापि आम्हां सरकारी निवृत्तांस काही आधार आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु आपल्या ज्ञातीतील कित्येक बंधू गिरण्या-कारखान्यांतून निवृत्त झाले. त्यांस १९९५ च्या योजनेचे निवृत्तिवेतन मिळते. त्यास महागाईची जोड नाही. २०१४ साली त्याची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरली. दरसाल सहा टक्के भाववाढ धरल्यास बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. म्हणजे हाती हजार रुपये येतात, पण पिशवीत पाचशेचाच माल पडतो. रक्कम कोणी कापली नाही, तरी ती निम्मी झाली!

सरकारास बोल लावण्यापूर्वी आपण आपल्या घरात पाहू. निराधार भगिनींस मंडळ जी मासिक मदत देते, ती दहा वर्षांपूर्वी ठरली व तीच आजही चालू आहे. ती ठरविणाऱ्या समितीत मीही होतो. वर्गात चक्रवाढ शिकविणाऱ्या मला त्या वेळी हा साधा हिशेब सुचला नाही, याची मला लाज वाटते. त्या माउलींनी मात्र कधी तक्रार केली नाही.

म्हणून माझी नम्र सूचना आहे की, ही मदत दरवर्षी जुलैत निर्देशांकाच्या प्रमाणात वाढवावी. त्यासाठी निवृत्तांनी आपल्या प्रत्येक महागाई वाढीचा पहिल्या महिन्याचा भाग मंडळाच्या निधीस द्यावा. माझा भाग मी आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.