प्रमादचर्या आणि येणारी पन्नास वर्षे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवात गेलेल्या पन्नास वर्षांचा आढावा घेण्याची प्रथा आहे. ते काम माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले. आपली अनुमती गृहीत धरून मी पुढच्या पन्नास वर्षांविषयी बोलणार आहे. समोर पाठशाळेची मुले बसली आहेत. या संस्थेचा शतकमहोत्सव होईल तेव्हा ती साठीच्या घरात असतील. त्या दिवशी त्यांच्याभोवती कसले जग असेल, याचा विचार आज आपण केला पाहिजे.

हवाईतील मौना लोआ या पर्वतावर १९५८ सालापासून हवेतील कर्बवायूचे मोजमाप चालू आहे. त्या वर्षी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आपली संस्था स्थापन झाली त्या सुमारास ते ३३० च्या आसपास पोहोचले आणि आज ४२० च्या पुढे गेले आहेत. यंत्रयुगापूर्वी ते २८० होते. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने, तसेच जंगले तोडल्याने हा थर वाढतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे तापमान यंत्रयुगापूर्वीच्या सरासरीहून सुमारे दीड अंशाने अधिक होते. जगाची आजची धोरणे अशीच राहिली, तर या शतकाच्या अखेरीस ही वाढ अडीच ते तीन अंशांच्या घरात जाईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

दोन-तीन अंशांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या चातुर्मासात आहे. पावसाळ्यात भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, त्यांना पायाखाली पीडा होऊ नये म्हणून आपले साधू आषाढापासून दिवाळीपर्यंत विहार थांबवतात. पाऊस केव्हा येतो आणि केव्हा जातो, याच्या अचूक निरीक्षणावर हा वर्षायोग उभा आहे. भारतीय हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०२५ साली तर ११ जूनला अपेक्षित असलेला पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. एका वर्षावरून सिद्धान्त बांधू नये हे खरे; परंतु ऋतूंची लय अशीच ढळत गेली, तर वर्षायोगाची तिथी पाळूनही त्यामागचा हेतू मात्र निसटेल.

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. हे बाष्प पुष्कळदा थोड्या दिवसांत, एकदम कोसळते. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात आढळले. आपण कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसे. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन महापूर आपण पाहिले. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर चढले होते. या पुराचा सारा दोष हवामानावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नदीपात्रालगतची बांधकामे, धरणांतून सोडलेले पाणी, बुजलेले ओढे यांचाही त्यात वाटा आहे. परंतु आपणच अरुंद केलेल्या वाटेवर पुढच्या काळात अधिक मोठे पाणी येणार आहे, हे ओळखून वागले पाहिजे.

दुसरी गोष्ट उष्म्याची. आपले मुनिराज दिवसातून एकदाच आहार आणि पाणी घेतात आणि अनवाणी विहार करतात. बावीस परीषहांत उष्ण परीषह सांगितला आहे. तो त्यांनी आत्मशुद्धीसाठी स्वेच्छेने स्वीकारला आहे. पण आपण जो उष्मा वाढवीत आहोत तो स्वेच्छेचा नव्हे. दुपारच्या उन्हात ऊस तोडणाऱ्या मजुराने, पत्र्याच्या खोलीत बाळंत झालेल्या स्त्रीने, पाण्यावाचून फिरणाऱ्या मुक्या जनावराने कोणतेही व्रत घेतलेले नाही. येणाऱ्या दशकांत उष्णतेच्या लाटांचा पहिला घाव त्यांच्यावरच पडणार आहे.

या विषयावर बोलताना दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक वयोवृद्ध श्रावक मला म्हणाले, “पंचमकाल आहे. ऱ्हास होणारच. आपण काय करणार?” मी त्यांना नम्रपणे म्हणालो की पंचमकाल एकवीस हजार वर्षांचा. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपासच सरली. उरलेल्या काळात जन्मणाऱ्या जीवांचे काय? भगवान महावीरांच्या काळी गोशालकाने नियतिवाद मांडला होता. भगवंतांनी तो मान्य केला नाही आणि पुरुषार्थाचा मार्ग दाखविला. मग काळाच्या नावाखाली आपणच गोशालकाच्या पंक्तीला जाऊन बसावे काय?

दुसरा आक्षेप असा की धूर श्रीमंत देशांनी केला, शिक्षा आपल्याला का? या म्हणण्यात तथ्य आहे. भारतीय माणसाचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आणि अमेरिकन माणसाच्या तुलनेत तर फारच थोडे आहे. राष्ट्राराष्ट्रांतील हा न्याय मागितलाच पाहिजे. पण ही सरासरी ज्यांच्यामुळे खाली राहते, ती माणसे या सभागृहाबाहेर आहेत. व्यापारउदीम आणि शेती यांमुळे संपन्न झालेल्या आपल्यासारख्यांनी त्यांच्या गरिबीमागे लपणे योग्य नाही.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. प्रयोजनाशिवाय भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे, यांचा त्यात समावेश होतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. शेती करू नका, चूल पेटवू नका, असे आचार्य गृहस्थाला सांगत नाहीत. निष्प्रयोजन करू नका, एवढेच सांगतात. आपल्या आजोबांना मोटारीच्या धुराने ऋतू बदलतो हे ठाऊक नव्हते. त्यांच्या हातून जे घडले त्याला अज्ञान म्हणता येईल. आपल्याला ते ठाऊक आहे. म्हणून आपल्या हातून तेच घडते तेव्हा त्याला प्रमाद हेच नाव द्यावे लागेल. आपण गाळलेले पाणी पितो, रात्री जेवत नाही, मुंगीला जपून पाऊल टाकतो. पण दूरवरच्या आणि अजून न जन्मलेल्या जीवाला आपल्या धुराने होणारी पीडा दिसत नाही, म्हणून ती हिंसेच्या हिशेबातच धरत नाही.

शेवटी थोडे आपल्या घराकडे. सुवर्णमहोत्सवानिमित्त जमलेल्या निधीतून वातानुकूलित सभागृह बांधण्याचा विचार चालू असल्याचे समजले. निर्णय विश्वस्तांचा आहे. पण सभासद या नात्याने माझी विनंती आहे की त्याआधी तीन कामांचा विचार व्हावा. छपरावर सौर पट्टे बसवून वसतिगृह आणि भोजनालयाची वीज तेथूनच घ्यावी. संस्थेच्या शेतातील उसाला पाटपाण्याऐवजी ठिबक सिंचन करावे. आणि तळमजल्यावरील ग्रंथभांडार, ज्यात जुनी हस्तलिखिते आहेत, ते पूररेषेच्या वर हलवावे. पहिल्या दोन कामांत संयम आहे आणि तिसऱ्यात सावधपणा. येणाऱ्या काळाला दोन्ही लागणार आहेत. सभागृह त्यानंतरही बांधता येईल. मोकळ्या खिडक्या आणि दारापुढे दोन कडुनिंब असले, तर कदाचित वातानुकूलनाची गरजही पडणार नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था स्थापन केली, त्यांनी आपल्याला पाहिले नव्हते. तरीही आपल्यासाठी वर्गणी गोळा केली. समोरच्या या मुलांसाठी आपण त्याच भावनेने थोडे कमी वापरू या. बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी.

जय जिनेंद्र.