महाविद्यालयाची वाट शाळेच्या दप्तरातून

(माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या तालुका मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांतून गुणवंतांची छायाचित्रे झळकतात, गावोगाव सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते. ते उचितच आहे. परंतु सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्याच मुलामुलींची तहसील कचेरीसमोर जी रांग लागते, तिच्याविषयी मला आज आपल्याशी बोलावयाचे आहे. कोणाचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र मुदतबाह्य झालेले असते. कोणाचे आडनाव आधार कार्डावर एका तऱ्हेने तर गुणपत्रिकेवर दुसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. कोणाच्या जातप्रमाणपत्राच्या पडताळणीचा अर्जच अद्याप गेलेला नसतो. वर्षभर रात्र-रात्र जागून जे मिळविले ते एका कागदापायी हातचे जाण्याची वेळ येते, ती ह्या रांगेत. माझे म्हणणे एवढेच आहे की, प्रवेशाची तयारी निकालानंतर सुरू होत असेल तर ती दोन वर्षे उशिरा सुरू होते. आणि ती जेथून सुरू व्हावयास हवी ते ठिकाण तहसील कचेरी नसून आपली शाळा आणि आपली ग्रामपंचायत हे आहे.

उच्च शिक्षणाच्या वाटेवरील अडसर काळानुसार बदलत आले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात पहिले वसतिगृह उभारले, कारण खेड्यातल्या मुलाला शहरात राहावयास जागा नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा अडसर होता तो पैशाचा. 'कमवा व शिका' हे त्यावरचे उत्तर होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना शुल्कमाफी मिळू लागली व ई.बी.सी. हे शब्द घराघरांत पोहोचले. आज महाविद्यालये तालुक्या-तालुक्यांत आहेत, वसतिगृहे व शिष्यवृत्त्याही आहेत. प्राचार्यांना कोणाची चिठ्ठी नेऊन दाखविण्याचे दिवस बहुतांशी मागे पडले. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०१५ च्या अधिनियमाने राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष अस्तित्वात आला आणि प्रवेश गुणवत्ता यादीनुसार होऊ लागले. वशिला गेला ही मोठीच गोष्ट झाली. परंतु वशिल्याच्या जागी जी पद्धती आली ती कागद आणि तारीख ह्या दोनच गोष्टी ओळखते. ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घराला ह्या दोन्ही गोष्टी कोण सांगणार, हा प्रश्न आहे.

सर्वांत अवघड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माणशास्त्र, कृषी अशा अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी नुसते जातप्रमाणपत्र पुरत नाही. २००० च्या अधिनियमान्वये, जो १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला, त्याची पडताळणी समितीकडून व्हावी लागते. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या समित्या आहेत, इतरांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत समिती आहे. मुदतीत वैधता सादर झाली नाही तर राखीव जागेवरील हक्क जातो, आणि खुल्या गटात गुणांनी बसत नसेल तर प्रवेशही जातो. काही वर्षी शासनाने मुदतवाढ दिली हे खरे. तथापि पाऊस येईल म्हणून पेरणी करावी, मुदतवाढ येईल म्हणून अर्ज थांबवू नये.

आता ह्या पडताळणीत काय मागितले जाते ते पाहा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या दिवसांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आज दहावीत असलेल्या मुलाचा आजा १९५० च्या सुमारास पाळण्यात असणार. म्हणजे पुरावा शोधावयाचा तो पणजोबांचा. आणि पणजोबा शाळेत गेलेले असतीलच असे नाही; बहुतेक ठिकाणी ते गेले नव्हते, किंबहुना त्यांना जाऊ दिले गेले नव्हते. ज्याला शाळेची पायरी चढावयास मिळाली नाही त्याच्याच शाळेच्या दाखल्यावर त्याच्या पणतवंडाचे महाविद्यालय अवलंबून असावे, ह्यातील विपर्यास मी आपल्यासारख्यांना उकलून सांगण्याची गरज नाही.

असा दाखला नसेल तेव्हा दुसरे कागद उपयोगी पडतात, आणि येथेच आपला संबंध येतो. जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, अर्थात गाव नमुना १४; विदर्भातील कोतवाल बुक; जमिनीच्या जुन्या हक्कनोंदी; पणजोबांचे धाकटे भाऊ शिकले असतील तर त्यांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. हे सारे कोठे आहे? जुन्या प्राथमिक शाळेच्या कपाटात, ग्रामपंचायतीच्या माळ्यावर, तहसीलच्या अभिलेख कक्षात. कित्येक नोंदी मोडी लिपीत आहेत आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. वाळवीने खाल्लेले एक पान म्हणजे एका घराण्याच्या तीन-चार मुलांचे प्रवेश असू शकतात. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, १९६७ पूर्वीची जनरल रजिस्टरे ह्या पावसाळ्यापूर्वी एकदा बाहेर काढून पाहावीत, पुसट झालेल्या पानांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि उतारा मागावयास आलेल्या पालकास "पुढच्या आठवड्यात या" असे सांगू नये. त्याची एक दिवसाची मजुरी बुडवून तो आलेला असतो.

घराण्यात वडील, काका, आत्या, सख्खा भाऊ वा बहीण यांपैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सुकर होते. त्याची प्रत अर्जास जोडावी. अनेकदा चुलतघराण्याशी बांधाच्या भांडणावरून बोलणे बंद असते आणि तो कागद मागण्यास कोणी धजत नाही. अशा वेळी सरपंचांनी मध्यस्थी केली तर ती बांधाच्या तंट्यातील मध्यस्थीपेक्षा अधिक मोलाची ठरेल. कागद अपुरे असल्यास प्रकरण दक्षता पथकाकडे चौकशीस जाते व त्यात महिने जातात. म्हणून विज्ञान शाखेत अकरावीत प्रवेश घेतला की त्याच वर्षी कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. बारावीचा निकाल हाती येईपर्यंत थांबण्याचे कारणच नाही.

नावाविषयी थोडे. शाळेच्या रजिस्टरातील नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात ह्या नोंदी विद्यार्थी शाळेत असेपर्यंत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने, दुरुस्त करून घेता येतात. दाखला घेऊन तो बाहेर पडला की तेच काम फार कठीण होते. नववीच्या वर्गशिक्षकांनी दिवाळीपूर्वी प्रत्येक मुलाचे आधार कार्ड, जातप्रमाणपत्र आणि रजिस्टर एकमेकांशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. दहावीच्या मंडळाचे आवेदनपत्र भरले गेले की त्यावरील चूक गुणपत्रिकेवर उतरते आणि मग ती पुढे आयुष्यभर सोबत करते. सर्व कागद मात्र आधी काढून ठेवता येत नाहीत. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र चालू शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र त्याच वर्षाचे लागते. ते एप्रिलमध्ये, गर्दी होण्याआधी, काढावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अशा प्रमाणपत्रांना कालमर्यादा घालून दिली आहे. अर्जाची पोच मात्र मागून घ्यावी, कारण पोच नसेल तर मर्यादा मोजावयाची कोठून?

दुसरा विषय पसंतीक्रमाचा. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर व अमरावती येथपुरते होते. २०२५-२६ पासून ते साऱ्या राज्यास लागू झाले. त्यात जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांची नावे क्रमाने द्यावयाची होती आणि पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले तर तेथेच प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून बाद. अभियांत्रिकीच्या प्रवेशात २०२५ साली असाच नियम होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला की जागा आपोआप पक्की. हे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज भरू नये. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले एक तत्त्व समजून घेतले पाहिजे. संगणक विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचतो आणि गुणवत्तेनुसार जे सर्वांत वरचे नाव मिळू शकते ते देतो. वर एखादे अवघड नाव लिहिले म्हणून खालच्या नावाची संधी कणभरही कमी होत नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडते. "हे नक्की मिळेल, हेच पहिले लिही" असा सल्ला कोणीतरी देतो, ते नक्की मिळतेही, आणि मग त्याहून चांगले महाविद्यालय मिळण्याजोगे गुण असूनही मुलगी तेथेच अडकून पडते. कागदाची चूक निदान ओळखता येते. ह्या चुकीचा तर पत्ताही लागत नाही, उलट पहिली पसंती मिळाली म्हणून घरात पेढे वाटले जातात.

हा सल्ला देणारा पुष्कळदा फॉर्म भरून देणारा दुकानदार असतो. त्याचा उपमर्द मी करीत नाही. गावाला त्याचा उपयोग आहे. तथापि अर्जावर त्याचा मोबाइल क्रमांक आणि त्याचाच ईमेल पत्ता घातलेला असतो, पासवर्ड त्याच्या वहीत असतो, आणि फेरीचा निकाल लागल्याचा संदेश येतो तो त्याच्याकडे. त्या दिवशी तो लग्नाला गेलेला असेल तर? अर्जावर क्रमांक घरातलाच असावा आणि पासवर्ड मुलाच्या स्वतःच्या वहीत असावा, एवढे तरी शिक्षकांनी पाहावे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काचा पन्नास टक्क्यांऐवजी संपूर्ण लाभ २०२४-२५ पासून देण्यात आला. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला हा लाभ नाही. म्हणजे फेरीची तारीख चुकली आणि घाबरलेल्या बापाने व्यवस्थापन कोट्यात जागा घेतली तर महाविद्यालय तेच, वर्ग तोच, आणि शुल्क मात्र कर्ज काढून भरावयाचे. चार वर्षांच्या कर्जाचा आकडा पाहून "थोरलीचे झाले तेवढे पुरे" असे ठरते आणि धाकटीचे शिक्षण बारावीवर थांबते. तारीख चुकण्याची किंमत ही अशी, ज्याची चूक नाही त्याच्याकडूनच वसूल होते.

शुल्कमाफी झाली तरी राहण्या-जेवण्याचा खर्च उरतोच. शासकीय वसतिगृहाचा अर्ज महाविद्यालयाच्या अर्जाहून निराळा असतो, हे पुष्कळांना प्रवेशानंतर कळते. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. ह्या रकमा विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा होतात. खाते जोडलेले नसल्यामुळे अडकलेली शिष्यवृत्ती ही तर इतकी नित्याची गोष्ट झाली आहे, की तिच्याविषयी अधिक बोलत नाही.

शाखेच्या निवडीसंबंधी मी थोडक्यात सांगतो, कारण तो अधिकार मुलाचा आहे. गणित सोडावयाचे तर काय काय सुटते ते त्याला आधी कळले पाहिजे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमालाही वीस टक्के भारांश आहे, तेव्हा अकरावी हे विसाव्याचे वर्ष समजू नये. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास जाता येते. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर ही वाट विचारात घेण्याजोगी आहे. आणि कला शाखा ही नापासांची धर्मशाळा आहे असे वर्गात बोलू नये. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. परंतु माझ्यासाठी नव्हे, ज्या मुलाला इतिहास आवडतो त्याच्यासाठी सांगतो.

आता करावयाचे काय? स्वतंत्र समिती, स्वतंत्र निधी यांची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक माध्यमिक शाळेने नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांची एक यादी करावी: जातप्रमाणपत्र आहे की नाही, घराण्यात वैधता कोणाकडे आहे, नाव सर्वत्र जुळते की नाही, बँक खाते जोडले आहे की नाही. यादी जाहीर वाचून दाखवू नये; मुलांची जात चावडीवर पुकारण्याचा तो विषय नव्हे. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी ह्या तिघांनी ती घेऊन एका शनिवारी दोन तास एकत्र बसावे, जुनी रजिस्टरे समोर ठेवावीत आणि ज्या नावापुढे काही उणे आहे त्या घरी निरोप पाठवावा. पहिल्या वर्षी दोन शनिवार लागतील. तालुक्यातील ज्या शाळांना अर्जांचे नमुने व आवश्यक कागदपत्रांची यादी हवी असेल त्यांच्यासाठी मी प्रती बरोबर आणल्या आहेत. त्या दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जाव्यात.